अर्धं वाक्य

"आणि त्या दिवशी तुझे आजोबा" स्क्रीनवर एवढंच उरलं होतं.

दुपारी लालबागच्या घरी आई सांगत होती, मी वर्डमध्ये टाइप करत होते. १९८२ च्या गिरणी संपाचे दिवस. ऐन भरात लाइट गेली आणि जुना डेस्कटॉप बंद पडला.

लाइट आल्यावर वर्ड उघडलं. डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी'ची पट्टी दिसली नि जीव भांड्यात पडला. पण ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनीच प्रत ठेवतं. मधलं सगळं गेलं ते गेलंच.

"आई, पुन्हा सांग ना."

पदराला हात पुसत ती म्हणाली, "सांगेन गं. पण मघाशी आलं तसं नाही यायचं."

तिने सांगितलं. तेच प्रसंग, तीच माणसं. पण पहिल्यांदा आजोबांच्या रिकाम्या डब्यापाशी तिचा आवाज जसा अडकला होता, तसा या वेळी नाही अडकला. मला तेच लागून राहिलंय.

ऑप्शन्समधल्या 'सेव्ह'मध्ये जाऊन १० चा १ केलाय. ऑटोसेव्ह हवं तर फाइल वनड्राइव्हसारख्या ठिकाणी ऑनलाइन ठेवावी लागते, तीही उद्या ठेवते. शिवाय दर परिच्छेदाला कंट्रोल एस.

तुमच्या घरी असं सांगणारं कोण आहे? लिहून घेताय ना?