आमची वाटचाल : घड्याळाआधी उतारा

बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांसाठी जलद वाचनाचा वर्ग सुरू केला, तेव्हा आमच्या पत्रकावर ‘मिनिटाला हजार शब्द’ असं छापलं होतं. पुढच्याच वर्षी ती ओळ काढून टाकली. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, तो उड्या मारतो. दर थांब्याला साधारण पाव सेकंद टेकतो आणि अक्षरं दिसतात ती त्या टेकण्यातच. म्हणजे मिनिटाला थांबे सुमारे २४०. हजार शब्द गाठायचे तर प्रत्येक थांब्याला चार शब्द उचलावे लागतील. डोळ्याला तेवढं स्पष्ट दिसतच नाही, मग मजकूर गाळला जातो. कामापुरता मजकूर चाळता येणंही शिकवण्याजोगं आहे, पण वाचन म्हणून त्याची फी घेणं आम्हाला पटेना.

तेव्हापासून वेगासोबत आकलनही मोजतो. ४२० शब्दांचा उतारा तीन मिनिटांत संपला, तर वेग १४०. मग पुस्तक मिटून दहा प्रश्न. सात बरोबर आले, तर वहीत १४० च्या सात दशांश, म्हणजे ९८ लिहायचे. पुढच्या खेपेला वेग १८० झाला आणि उत्तरं पाचच बरोबर आली, तर आकडा ९० वर येतो. मूल पळालं, पण मागे पडलं, हे पालकांना न सांगता कळतं.

मराठी, कन्नड आणि इंग्रजीचे आकडे आम्ही कधीच एकत्र करत नाही. ‘वाचनालयातल्यांसाठीसुद्धा’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. कन्नडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आपलं जोडाक्षर बहुधा आडवं जुळतं. कन्नडात दुसरं व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली लटकतं. रफार तर डोक्यावर न बसता अक्षराच्या मागून येतो. ‘सूर्य’ वाचताना मुलाचा डोळा ‘य’पर्यंत जातो, पुढचं चिन्ह बघतो आणि परत फिरतो. अशा मुलाच्या हाती घड्याळ दिलं की ते अंदाजाने वाचू लागतं. म्हणून कन्नडात पहिले तीन आठवडे वेळ लावतच नाही. रोज २० जोडाक्षरी शब्द मोठ्याने वाचून घेतो. ओळखीचे शब्दही दगा देतात. ‘अवसर’ म्हणजे कन्नडात घाई, ‘अनुमान’ म्हणजे शंका. मराठी अर्थ धरून वाचलं की अख्खा परिच्छेद उलटा कळतो.

वाचलेल्या ओळीवर पुन्हा पुन्हा जाण्याची सवय मोडायला पोस्टकार्ड पुरतं. ते ओळीच्या वर धरायचं आणि वाचून झालेला भाग झाकत खाली आणायचं. बहुतेक मुलं ते ओळीखाली धरतात. त्याने पुढची ओळ झाकली जाते आणि डोळा अडखळतो. पण अर्थ लागला नाही म्हणून मागे जायचं असेल, तर कार्ड खुशाल उचलावं. पडद्यावर एकेक शब्द झळकवणारं ॲप आम्ही याचसाठी बंद केलं, त्यात मागे वळायला जागाच नव्हती.

शब्दांचे गट पाडायला पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून घेतो : खानापूरच्या जंगलात / पावसाळ्यात उगम पावणारे / छोटे ओढे. चुकीचा गट पडला, ‘जंगलात पावसाळ्यात’ असा, की पुढचं वाक्य विस्कटतं. आठ-दहा दिवसांनी रेघा बंद. ओठ हलत असतील तर थांबवतो. मनातला आवाज मात्र राहू देतो. तो दाबला की अवघड मजकूर डोक्यात शिरत नाही.

विज्ञानाचा धडा असेल तर आधी शीर्षकं, आकृत्या, मग स्वाध्यायाचे प्रश्न, आणि त्यानंतर मजकूर. गणिताचं उदाहरण आणि कविता यांना घड्याळ नाहीच. दहावीच्या पेपरला प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं मिळतात, त्यांचाही वेगळा सराव असतो : आधी सूचना आणि पर्यायी प्रश्न, मग ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ ही क्रियापदं हेरणं. त्या वेळेत उत्तरं जुळवत बसलेल्या मुलाचा शेवटचा विभाग न वाचताच राहतो.

जे मूल पान नाकाशी नेतं, त्याला वर्गात घेण्याआधी डोळे तपासून आणायला सांगतो. चष्म्याचं काम सरावाने होत नाही.

सध्या ४५ मिनिटांचे तास, आठवड्याला दोन, दहा आठवडे, बॅचला १५ मुलं. मराठी उतारे पुरेसे झाले आहेत. आता सातवी-आठवीच्या मुलांसाठी सोप्या कन्नडात, ओत्तक्षरं मोजून घातलेले उतारे लिहून घेतोय.