शंभर रुपयांवर एक पैसा

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी अधीक्षक होतो. शिपाई रिटायर झाला की जागा भरायला परवानगी यायची नाही, पण झाडू तर रोज मारायचाच. मग झाडलोट आणि रखवाली एजन्सीला द्यायचं ठरलं. परिपत्रकांच्या भाषेत ह्या 'बिगर-शैक्षणिक सेवा'. ज्या साताऱ्यात कर्मवीरांच्या बोर्डिंगातली पोरं 1924 पासून स्वतःची कामं स्वतः करून शिकली, तिथे हा शब्द मला कधी गोड लागला नाही. असो.

टेंडरची पाकिटं फोडली. किमान वेतन, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, सगळं सरकारी दरानं बांधलेलं. चढाओढ फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्काची. सगळ्यात कमी दर निघाला 0.01 टक्के. म्हणजे शंभर रुपयांवर एक पैसा, लाखाच्या बिलावर दहा रुपये. पोवई नाक्यावर एक चहा! एवढ्यावर हा माणूस सुपरवायझर कसा पोसणार? कमिटीत सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. तुलनात्मक तक्त्याखाली 'न्यूनतम दर, स्वीकृतीस पात्र' असं मीच लिहिलं आणि सही केली.

उत्तर झाडलोटीच्या मावशींनी दिलं. "सायेब, पगार ब्यांकेत पुरा जमा हुतो. पन दुसऱ्या दिवशी तीन हजार रोख परत द्यायला लागत्यात."

त्यांच्या मुलानं मोबाईलवर पीएफचं पासबुक दाखवलं. पाच महिने कोरे. माझ्याकडं मात्र दर बिलाला पीएफचं चलन जोडलेलं! घोळ इथंच होता. चलनावर नुसती एकूण रक्कम असते. सोबत नाववार यादी घेतली नाही, तर एकाच चलनाची झेरॉक्स चार कॉलेजांत चालते. यादी मागायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात तर ठेकेदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, असं स्पष्ट होतं. मूळ मालक म्हणजे आम्हीच.

पुढच्या बिलाला यादी मागितली. बिल पंधरा दिवस उशिरा आलं, यादीसकट. मावशींचं नाव त्यात नव्हतं.

"त्यांनी काम सोडलं, साहेब," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मावशी फरशी पुसत होत्या.