एकही जित्ती सोडू नका

ऑगस्ट 2023 मधली गोष्ट. तेव्हा मी पुण्यात मराठी मजकूर तपासायचं काम करायचो. ॲप दुसऱ्याचं, आम्ही ठेकेदाराची माणसं. नावं करारात अडकलीत, ती राहू देत. रोजची रांग म्हणजे शिव्या, उमेदवारांचे बिघडवलेले फोटो आणि भाऊबंदकी. त्या दिवशी मला अपिलं दिली होती. म्हणजे ज्यांना आम्ही बाहेर काढलं, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं.

चहाच्या आधीच एक तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडलं. विदर्भातल्या एका कापूस उत्पादकांच्या गटाचा ॲडमिन. तिसरा स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा तिसरा ठपका; खातं कायमचं बंद. ज्यावरून बंद केलं तो मजकूर असा:

‘एकही जित्ती सोडू नका. रात्री मोजा, सकाळी ठरवा. यंदा त्याहीचं खानदान ठेवाचं नाही.’

वर शिक्का: समूहाविरुद्ध हिंसेची चिथावणी. पाच जणांनी एकाच तासात रिपोर्ट केलेलं. खाली निर्णय घेणाऱ्याचा क्रमांक, आणि तो माझाच. अठरा दिवसांपूर्वी, एकोणतीस सेकंदांत. मला काही म्हणजे काही आठवेना. दिवसाला सहाशे-सातशे तिकिटं काढणाऱ्याला काय आठवणार?

आपल्याच निकालावरचं अपील आपल्याकडे येऊ नये, हा साधा नियम आहे. टीम लीडला सांगितलं. तो म्हणाला, “मराठीची निम्मी माणसं रजेवर आहेत, आणि उद्या पंधरावा दिवस भरतोय. कर तूच.” 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तेव्हा तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायचं बंधन घातलेलं होतं. 2023 मध्येच केंद्राच्या तक्रार अपील समित्याही सुरू झाल्या होत्या. आमच्या निकालावर 30 दिवसांत तिकडे जाता यायचं. त्यामुळे वरच्यांना तारखांची धास्ती होती. निकाल बरोबर आहे का, याची तेवढी नव्हती.

अपिलासोबत फोटो होता. एकरेघी वहीचं पान, निळ्या पेनानं लिहिलेलं:

‘साहेब, मी अळीबद्दल लिवलं, मानसाबद्दल नाही. पयले मले हेल्पलाइनचा नंबर पाठवला. मी मरायले नाही निघालो, मी लोकाईले मरू नका म्हनतो. आता सापळ्यात किती आले ते गटात कोन सांगन? एकडाव गट उघडून तर पाहा.’

मी सांगलीकडचा. ऊस कळतो, कापूस नाही. शेजारच्या खुर्चीवर अकोल्याची सहकारी बसायची. तिला पडदा दाखवला, तर ती हसायलाच लागली. “अरे येड्या, बोंडअळी आहे ती! गुलाबी बोंडअळी. तू हिला दंगल समजलास?”

मागचे-पुढचे मेसेज उघडायला वेगळी परवानगी लागते, आणि ती मागितली तरी तिकिटाचं घड्याळ थांबत नाही. म्हणून कोणी मागत नाही. त्या दिवशी मागितली. वरच्याच मेसेजमध्ये फोटो होता: कामगंध सापळ्याची, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्याची, प्लास्टिकची लांब पिशवी कोणीतरी हातात धरलेली, आणि तळाशी राखाडी-तपकिरी पतंगांचा ढीग. त्याला उत्तर म्हणून ते वाक्य होतं. सहकारी सांगत होती, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं ठरवायचं, म्हणून ‘रात्री मोजा, सकाळी ठरवा’. अळी एकदा बोंडात शिरली की भोक बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट, आत औषध पोचत नाही. मी गप्प बसून अठरा दिवसांचा हिशेब करत होतो.

मग मागचे दोन स्ट्राइक काढले. दुसरा मशीननं दिलेला. त्यानं 2017 ची आठवण लिहिली होती, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हाची. आणि पुढे, ‘औषध पोटात गेलं की दवाखाना, नाही तं सरण’. आपल्या खेड्यांत ‘औषध घेतलं’ म्हणजे काय, हे मशीनसाठी धोक्याच्या शब्दांची यादी बनवणाऱ्याला ठाऊक होतं, आणि ती यादी हवीच. पण यादीला पुढचं-मागचं वाचता येत नाही. मजकूर उडाला आणि त्याला आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन गेली.

पहिला स्ट्राइक मात्र मला पटला. गावातल्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याला त्यानं गटातून काढलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘याच्या दुकानात पाय ठेवाचा नाही, दिसला तं धरा.’ दुकानदार गटात तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारायचा सल्ला देत होता, त्यामुळे राग समजतो. पण ‘दिसला तं धरा’ म्हणजे काय? शिवाय त्याला काढताना एका ओळीचंही कारण दिलेलं नव्हतं. पाच रिपोर्ट कुठून आले असतील, याचा अंदाज तिथंच आला. सिद्ध करता येत नव्हतं.

दुसरा आणि तिसरा स्ट्राइक रद्द केला, पहिला ठेवला. खातं सुरू. ‘आमच्याकडून चूक झाली’ असं लिहावंसं वाटलं, पण तयार मजकुरांत ते वाक्य नव्हतं. ‘पुनरावलोकनानंतर निर्णय बदलण्यात आला आहे’ होतं. तेच पाठवलं. माझ्या पडद्यावर तिकिटाचा वेळ लाल रंगात आला: चौदा मिनिटं. संध्याकाळी त्यावरून विचारणा झाली. मूळ चुकीच्या निकालाबद्दल कोणी काही विचारलं नाही, एकोणतीस सेकंद चांगला वेळ होता.

जेवणानंतर त्याच गटावरून आणखी एक तक्रार रांगेत आली. दुकानदाराची. ‘मला कोणतेही कारण न देता, बाजू मांडू न देता गटातून काढून टाकले आहे. माझी बदनामी झाली आहे.’ गटात कोणाला ठेवायचं हा ॲडमिनचा अधिकार, त्यात आम्ही पडत नाही. त्यासाठी तयार मजकूर आहे. तो पाठवला.

बावीस सेकंद लागले.