शार्प पार्क: मॅकेन्झींच्या खुणा कुठे उरल्यात? कामाची नोंद

शार्प पार्क या गोल्फ मैदानाचे जुने फोटो आणि आजचा नकाशा एकमेकांवर बसवण्याचं काम जवळजवळ उरकलंय. आता प्रत्यक्ष ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर) उतार मोजायचे आहेत. त्याआधी आजवर काय हाती लागलं, कुठे गाडी अडते आणि दुरुस्तीत आधी काय व्हायला हवं, ते एकत्र लिहून ठेवतोय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, पॅसिफिका गावात, हायवे १ च्या कडेला हे मैदान आहे. मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची, कारभार शहराच्या उद्यान खात्याकडे, आणि खेळायला कुणालाही मोकळं. जमीन शार्प घराण्याकडून १९१७ साली शहराला मिळाली, सार्वजनिक करमणुकीसाठीच वापरायची या अटीवर. आखणी डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांची, जोडीला चँडलर इगन, बांधकामावर देखरेख जॅक फ्लेमिंग यांची. १६ एप्रिल १९३२ रोजी मैदान खुलं झालं. त्यांच्याच सायप्रस पॉइंट या मैदानाच्या नंतरचं आणि ऑगस्टा नॅशनल खुलं होण्याच्या आधीचं हे काम. त्या दोन्ही ठिकाणी सभासदाच्या ओळखीशिवाय पाऊल टाकता येत नाही. इथे त्याच माणसाच्या हातचं मैदान शहराच्या दरात खेळायला मिळतं, म्हणून ते जपण्याची धडपड.

आज खेळतो ते अठराच्या अठरा होल (पहिल्या फटक्यापासून झेंड्यापर्यंतचा एकेक टप्पा) मॅकेन्झींचे नाहीत. मूळ आखणीत काही होल थेट पुळणीला लागून होते. पहिल्या काही वर्षांतच वादळांचं पाणी आत येऊ लागलं, म्हणून किनाऱ्यावर मातीचा बांध घातला गेला आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला चार होल हायवेच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला हलवले गेले. हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलात की ते चार लागतात. त्यांची रचना फ्लेमिंग यांची. पश्चिमेकडच्या होलांपैकी बाराच्या आसपास मॅकेन्झींचे म्हणता येतात, तेही कमीजास्त बदललेले. मॅकेन्झी शोधायचा तर पश्चिमेच्या भागातच.

त्यातली सगळ्यात मोठी हानी लगुना सलाडा या मैदानातल्या तळ्याच्या काठची. मॅकेन्झींनी १९१४ साली एका स्पर्धेसाठी पार चारचा (चार फटक्यांत पुरा करायचा) एक होल काढला होता, त्यात टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, ग्रीनकडे जायला एकाहून अधिक वाटा होत्या. धाडस करणाऱ्याला जवळची, जपून खेळणाऱ्याला लांबची. तोच विचार त्यांनी इथे तळ्याच्या दोन्ही अंगांना फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) ठेवून दोन होलांत उतरवला. आज तिथे एकेकच वाट उरलीये.

नकाशे जुळवताना वापरलेली पद्धत अशी. फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर (जुना फोटो आजच्या नकाशावर बसवणारं साधन) आहे, तो पुरतो. जुने हवाई फोटो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाच्या संग्रहात शोधावेत, १९४०च्या दशकातले आधी. फोटो बसवायला किमान आठ खुणा घ्या आणि त्या फोटोभर पसरलेल्या असू द्या. क्लबहाउसचा कोपरा, जुन्या रस्त्यांचे चौक, पुलाची टोकं चालतात. झाडं, टी, तळ्याचा काठ घेऊ नका, कारण नेमके तेच ऐंशी वर्षांत हललेत. सरासरी चूक दोन मीटरच्या आत आली की थांबा. ती शून्याकडे नेण्यासाठी फोटो रबरासारखा ताणणारं रूपांतर निवडलं, तर खुणांपाशी सगळं चोख दिसतं आणि मधल्या भागात ग्रीन पाच-सहा मीटर सरकतं. साधं पहिल्या घाताचं रूपांतर (फोटो न वाकवता सगळीकडे सारखाच सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं) इथल्या सपाट भागाला पुरेसं आहे. पूर्वेच्या डोंगरउतारावर ते फसतं, कारण उंच जमीन फोटोत बाहेरच्या बाजूला कललेली दिसते. तिकडे मॅकेन्झींचं काहीच नसल्यामुळे तो भाग सोडून द्यावा.

त्यावर लिडारचा (विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजण्याच्या पद्धतीचा) उंचीनकाशा चढवा. सॅन मटेओ काउंटीचा मीटरभर बारकाईचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर मिळतो. या नकाशावर सावल्या पाडून उठाव दाखवताना (हिलशेड) प्रकाशाचा कोन नेहमीच्या ४५ अंशांवर ठेवलात तर बुजलेले बंकर (वाळूचे खड्डे) दिसत नाहीत. तो १५ ते २० अंशांवर आणा आणि दिशा बदलून दोन-तीनदा बघा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीतली खळगी उठून दिसते, तसंच हे. एक धोका आहे. लव्हाळ्याच्या दाटीत आणि सायप्रसखाली लेझर जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि नकाशात खोटे उंचवटे येतात. तळ्याकाठी सापडलेला ‘बंकर’ प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज नोंदवू नये.

हे सगळं एकावर एक ठेवल्यावर जे दिसतं, त्यावर आमचं ठाम मत बनलंय. मैदान अरुंद झालंय आणि ग्रीन आकसलेत. बाकीच्या तक्रारी त्यानंतरच्या. जुन्या फोटोंत फेअरवे ऐसपैस आहेत, झाडी विरळ आहे. आता मोठे झालेले मॉन्टेरी सायप्रस दोन्ही बाजूंनी आत आलेत. मॅकेन्झींच्या होलवर झेंडा कुठे आहे ते पाहून फेअरवेची बाजू निवडायची असते. दोन्हीकडून रफ (फेअरवेबाहेरचं उंच गवत) आणि झाडं आत आली की बाजू निवडायला जागाच राहत नाही, सगळे एकाच रेषेवरून सरळ मारतात.

ग्रीन आकसतं ते कुणाच्या दुष्टाव्यानं नाही. कापणारा माणूस कडेचं गवत ओरबाडलं जाऊ नये म्हणून यंत्र बोटभर आत ठेवतो. वर्षानुवर्षं तेच झालं की कोपरे गोल होतात. हिशेब करून पाहा. ६० फूट व्यासाचं ग्रीन सगळीकडून फक्त तीन फूट आत आलं, तर क्षेत्रफळ २,८२७ चौरस फुटांवरून २,२९० वर येतं, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गेला. आणि जातो तो कडेचा हिस्सा, जिथे बंकरला खेटून झेंडा लावायच्या सगळ्यात मजेदार जागा असतात. आज ग्रीन आणि बंकर यांच्यात आठ-दहा फूट रफ दिसलं की समजावं, मूळ कड तिथवर होती.

याची खात्री करायची पद्धत सोपी आहे, पण परवानगीशिवाय मैदानावर कुणीही काहीही खुपसू नये. मैदानाची निगा राखणारे सुपरिंटेंडेंट हो म्हणाले तर एक इंच व्यासाच्या मातीच्या नळीनं ग्रीनच्या मध्यापासून बाहेर दर दोन फुटांवर नमुने घ्यायचे. ग्रीनवर दरवर्षी वाळू पसरतात, तिचे थर नळीत पट्ट्यांसारखे दिसतात. आजच्या कडेबाहेरही थर सापडत राहिले तर तिथे पूर्वी ग्रीन होतं. थर संपून सरळ काळी माती लागली की ती मूळ कड. बंकरशेजारी मात्र फसायला होतं. फटक्यानं उडालेली वाळूही तिथे साचते. ती भरड आणि विस्कळित असते, तिला ग्रीनच्या वाळूसारखे पातळ, एकसारखे थर नसतात.

म्हणून क्रम असा असावा: आधी कापणीची रेघ, मग करवत, फावडं सगळ्यात शेवटी. रफचा फेअरवे करायला नवं काही पेरावं लागत नाही. दोन इंचांचं गवत एकदम अर्ध्या इंचावर आणलं तर पिवळं पडून मरतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, म्हणजे २ वरून साधारण १.३, मग ०.९, ०.६ आणि शेवटी ०.५, दर कापणीनंतर गवत सावरू द्यायचं. ग्रीन वाढवणं जास्त नाजूक. फूट-दीड फूट नुसतं कापून जमतं. त्यापलीकडे मुळांवर मेलेल्या गवताची जाड गादी साचलेली असते, पातं टेकलं की ती सोलली जाते. तिथे हिरवळ सोलून गादी काढावी लागते आणि त्याच मैदानाच्या ग्रीनचं गवत लावावं लागतं. दुसरीकडून आणलेलं गवत वेगळ्या रंगाचं आणि वेगळ्या वेगाचं डाग होऊन राहतं. अंदाजपत्रकात बहुतेक सुटणारी गोष्ट म्हणजे पाण्याचे फवारे. ते आकसलेल्या कडेवर बसवलेले असतात. ग्रीन वाढलं की फवारा ग्रीनच्या आत येतो, तो हलवल्याशिवाय एक फूटही पुढे जाता येत नाही.

झाडांचं काम ऋतू पाहूनच. कॅलिफोर्नियात पक्ष्यांच्या विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट धरतात, त्यामुळे तोडणी शरद-हिवाळ्यात येते. आधी ग्रीनच्या पूर्व आणि दक्षिण बाजूची झाडं पाहावीत. सकाळचं ऊन अडवून शेवाळ वाढवणारी तीच असतात.

आता बेडूक. याविषयी गोल्फवाल्यांत फार चुकीचं बोललं जातं. तळ्यात आणि हॉर्स स्टेबल पाँड या लहान तळ्यात कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक आहे, १९९६ पासून संरक्षित. त्याला खाणारा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप तर १९६७ पासून संकटग्रस्त यादीत आहे. पूर्वी तळं मचूळ होतं. बांधानं समुद्र तुटल्यावर ते गोडं झालं आणि बेडकाला मानवलं. बेडकाची अंडी हिवाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागालगत काड्यांना चिकटलेली असतात. पंप लावून पाणी झटकन समुद्रात सोडलं तर पातळी उतरते आणि अंडी उघडी पडून सुकतात. २०११ चा खटला याच प्रश्नावर होता, २०१२ च्या शेवटी तो निकाली निघाला आणि पंप, कापणी, गाड्या यांवर केंद्राच्या वन्यजीव खात्याच्या अटी आल्या. तेव्हा डिसेंबर ते मार्चमध्ये सखल फेअरवेवर पाणी दिसलं की लगेच ‘दुर्लक्ष’ म्हणू नका, पातळी मुद्दाम राखलेली असू शकते. तळ्याकाठचे दुहेरी फेअरवे पूर्ण परत यावेत हा हट्टही सोडावा. पुळणीवरचे होल तर बांध असेतोवर येणार नाहीत. टॉम डोक आणि जे ब्लासी यांच्यासारख्या जाणकारांनी इथल्या पुनर्बांधणीत लक्ष घातलंय, ही आशेची गोष्ट आहे. जे शक्य आहे ते कोरड्या बाजूला आहे, आणि ते भरपूर आहे.

ग्रीनच्या वेगाचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यावर आम्ही अडून बसणार. मॅकेन्झींच्या ग्रीनांचे उतार त्या काळच्या संथ गवतासाठी होते. स्टिंपवर (ठरावीक उतरणीवरून सोडलेला चेंडू ग्रीनवर किती फूट जातो ते पाहायची पट्टी) आठ-नऊ फूट वेग असेल तर पाच टक्के उतारावरही चेंडू थांबतो. अकरा केला तर तीन टक्क्यांच्या वर झेंडा लावता येत नाही, मग कुणीतरी ‘ग्रीन सपाट करा’ म्हणतं आणि उरलेलं मूळ कामही पुसलं जातं. उतार मोजायला दोन फुटी डिजिटल लेव्हल पुरते, पाच पावलांची चौकट आखून प्रत्येक कोपऱ्यावर दोन दिशांनी वाचन घ्यायचं. वेग मोजायला सपाट जागा मिळाली नाही तर चढाचं आणि उताराचं अंतर घ्या, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट करून बेरजेनं भागा. नुसती सरासरी उताराच्या बाजूला झुकते. उतारानं १२ आणि चढानं ६ फूट आलं, तर सरासरी ९ दिसते, खरा वेग ८.

खेळायला जाणाऱ्यांसाठी थोडं. फ्रीमाँट किंवा सॅन होजेहून उन्हाळ्यात निघाल तेव्हा घामाघूम असाल, पॅसिफिकात धुकं आणि गारठा असतो, स्वेटर न्याच. वारा दुपारी वायव्येकडून चढतो. बांधाच्या आडोशाला उभं राहिल्यावर तो जाणवत नाही, चेंडू बांधापेक्षा वर गेला की पकडतो. तिथे एक दांडा जास्त घेऊन अर्धाच फटका, चेंडू खाली ठेवावा. ग्रीन पोआ जातीच्या गवताचे आहेत, वसंतात तुरे येतात आणि दुपारपर्यंत पृष्ठभाग खडबडीत होतो, म्हणून छोटे पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके) जरा जोरातच आणि शक्यतो सकाळी. चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर गोल्फच्या नियम १६.३ प्रमाणे दंडाविना उचला. तळ्याकाठी खेळबंदीचा भाग असेल तर तिथे चेंडू शोधायला किंवा काढायला पाय टाकू नका. तो चेंडू गेला असं समजून नियम १७ प्रमाणे पुढे जा.

ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी ग्रीनचे फोटो पाठवावेत. फेअरवेच्या मध्यातून, ग्रीनच्या पुढच्या कडेपासून १०० यार्डांवर उभं राहून, फोन डोळ्यांच्या उंचीवर आडवा, झूम नाही. सोबत तारीख, वेळ आणि झेंडा ग्रीनच्या कोणत्या भागात होता तेवढं लिहा. सकाळी नऊच्या आधीचे किंवा संध्याकाळचे हवेत. भर दुपारच्या फोटोत उतार दिसत नाहीत आणि नकाशावर बसवताना काहीच उपयोग होत नाही.