आमची वाटचाल : पंचवीस वॅटचे पंधरा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला एक फळी आहे. तिच्यावर गिऱ्हाइकांकडून परत आलेली रेडिओची किटं, म्हणजे घरी जोडायचे सुट्या भागांचे संच, मांडून ठेवली आहेत आणि प्रत्येकाला धाग्याने चिठ्ठी बांधली आहे. ‘तार खरवडली नाही.’ ‘डायोड उलटा.’ ‘डाख थंड.’ एकीवर ‘काहीही बिघाड नाही, बॅटरी उतरली होती’ असंही लिहिलेलं आहे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘दीदी, ये सेकंड में दोगे क्या?’ ती विकाऊ नाहीत. रेडिओची किटं विकायला बसलेलं आमचं दुकान सोल्डरिंगच्या, म्हणजे वितळलेल्या धातूने डाख द्यायच्या, सामानाचं झालं, ते या फळीमुळे.

दुकान मूळचं बाबांचं. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हवाले सेट दुरुस्त करायचे. रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्या काळापासूनची त्यांची गिऱ्हाइकं. बाबांचं सोल्डरिंग आयर्न जाड तांब्याच्या टोकाचं होतं. रोज सकाळी ते टोक कानशीने घासून लख्ख करायचे, गरम झालं की नवसागराच्या खड्यावर फिरवायचे आणि लगेच त्यावर रांगा, म्हणजे डाखासाठीचं कथील-शिशाचं मिश्रण, चढवायचे. नवसागराचा तो पांढरा धूर घरभर जायचा. आजी म्हणायची, ‘एवढी कल्हई करतोसच, तर पातेली पण घे की!’ बाबा हसायचे, पण मला म्हणाले होते, ‘आजी बरोबर बोलते. टोकाला कल्हई नसेल तर उष्णता पुढे जातच नाही.’ तांब्यावर काजळी धरली की आयर्न कितीही तापू दे, रांगा गोळी होऊन खाली पडतो. हे मी आठवीत शिकले आणि आज गिऱ्हाइकांना शिकवते तेही जवळपास एवढंच.

हॅम रेडिओचं, म्हणजे लायसन्स काढून हौसेने वायरलेसवर बोलायचं, वेड दुकानात आणलं ते महूहून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांनी. महूला सिग्नल कोअरचं कॉलेज, त्यामुळे तिथे मोर्स जाणणाऱ्यांना तोटा नव्हता. साहेब कामासाठी इंदूरला आले की दुकानात बसायचे, पोहे-जिलबी मागवायचे आणि काउंटरवर चमच्याने ‘डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा’ ठोकायचे. म्हणजे सीक्यू, कुणी आहे का बोलायला. आईला वाटायचं, चहा हवाय. त्यांच्याच नादाने मी हॅमच्या लायसन्सची परीक्षा दिली. त्या वेळी हाती यायला परदेशी सेट नव्हते, असते तरी परवडले नसते. बोलायचं असेल तर सेट स्वतः बांधायचा, एवढाच मार्ग होता.

माझा पहिला रिसीव्हर डायरेक्ट कन्व्हर्जनचा, म्हणजे आलेल्या लहरीचा थेट आवाज करणारा. लहरी मिसळायला चार डायोडचं मिक्सर, त्याला स्वतःची लहर पुरवणारा एक ऑसिलेटर, आणि आवाज वाढवायला एलएम३८६ ही चिप. सात मेगाहर्ट्झवर देशभरची हॅम मंडळी सकाळी गप्पांना जमतात, ती ऐकायची होती. बटण फिरवलं तर भजन. पुढे फिरवलं, तेच भजन. डायल कुठेही न्या, आमचं मालवा हाऊस, म्हणजे आकाशवाणीचं इंदूर केंद्र, हजर! आकाशवाणी इंदूर ६४८ किलोहर्ट्झवर, माझा सेट ७००० किलोहर्ट्झच्या वर, मग हे कसं? बाबांनी विचार करायला दोन दिवस घेतले. गावातलंच स्टेशन इतकं जोरदार येत होतं की मिक्सरचे डायोड त्याला आपणहून डिटेक्ट करत होते, म्हणजे त्यातला आवाज वेगळा काढत होते, ऑसिलेटरची गरजच उरली नव्हती, आणि पुढचा अँप्लिफायर ते भजन इमानाने मोठं करत होता. अँटेना आणि मिक्सर यांच्यामध्ये सात मेगाहर्ट्झला ट्यून केलेल्या दोन गुंडाळ्या आणि कपॅसिटर टाकले, तेव्हा भजन गेलं आणि खरखरीतून एक माणूस हैदराबादचा पाऊस सांगताना ऐकू आला. शहरात राहणाऱ्यांसाठी आमच्या रिसीव्हर किटात ही गाळणी पहिल्यापासून आहे. ती काढून दहा रुपये वाचवा असं सांगणारे भेटतात. त्यांना मी मालवा हाऊसची गोष्ट सांगते.

किटं विकायची कल्पना बिटएक्समुळे आली. हैदराबादचे अशर फरहान, हॅम मंडळींत व्हीयू२ईएसई, यांनी २००३ च्या सुमारास हा एसएसबी ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकायचा आणि बोलायचा सेट, सगळ्यांसाठी खुला केला. त्यात महागडं काहीच नव्हतं. बाजारात मिळणारे साधे ट्रान्झिस्टर, शेवटी ताकद द्यायला एक आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर, आणि गुंडाळ्यांसाठी चक्क नळाचे वॉशर! फेराइटची कडी कुठे मिळेना म्हणून रडणाऱ्या आम्हा लोकांना त्या वॉशरने गप्प केलं. जेल रोडवरून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, पुड्या बांधायच्या, जोडणीचा नकाशा मराठीत आणि हिंदीत लिहून द्यायचा, असं सुरू झालं. रिसीव्हर कुणालाही देत होतो. ट्रान्समीटरचं सामान मागणाऱ्याकडून लायसन्सची प्रत घेत होतो, अजूनही घेतो. काहींना राग येतो. येऊ दे.

आणि मग किटं परत येऊ लागली.

सुरुवातीला मला वाटायचं, नकाशात चूक आहे. रात्र रात्र तपासायची. चूक सापडायची ती गुंडाळीच्या पायाशी. तांब्याच्या वाइंडिंग तारेवर इनॅमल असतं, दिसायला ती उघड्या तांब्यासारखीच. गिऱ्हाईक तिला तशीच भोकात घालून वर रांग्याचा डोंगर करायचं. वरून बघा, चकचकीत. मीटर लावा, जोडच नाही. ब्लेडने खरवडून टोकाला आधी रांगा चढवायचा, मग भोकात घालायचं, हे दोन ओळींचं काम नकाशात लिहिलेलं होतं, पण नकाशा वाचतो कोण! शेवटी गुंडाळ्या आम्हीच करून द्यायचं ठरवलं आणि ते काम आईने घेतलं. कड्याच्या आतून तार जितक्यांदा जाते तितके वेढे, बाहेरून मोजले तर एक चुकतो. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून वेढे घालताना आई मधेच म्हणायची, ‘थांब गं, एक वेढा मालिकेत गेला.’ मग सगळं उलगडून पुन्हा. आज आमच्याकडे दोघीजणी हेच काम करतात आणि त्यांच्या टेबलासमोर टीव्ही नाही.

पण खरं कोडं वेगळंच निघालं. सांवेरकडच्या एका गावातल्या मास्तरांचं किट तीनदा परत आलं. डाख करडे, खडबडीत, बोटाने हलणारे. दुकानात बसवून त्यांच्याच हाताने करायला लावले तर सगळे सुरेख. घरी गेले की पुन्हा करडे. मास्तर बिचारे ओशाळले होते. चौथ्यांदा मी मीटर घेऊन त्यांच्या घरीच गेले. संध्याकाळची वेळ, दिवा तांबूस, मीटरवर १८० व्होल्ट. त्याच सुमारास, २००३ मध्ये, बिजली, सडक, पानी यावर मध्य प्रदेशात निवडणूक झाली, यावरून काय ते समजा.

हिशेब तिथेच वहीच्या पाठीमागे केला. आयर्नची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे १८० झाले तर पंचवीस वॅटचं आयर्न पंधरा वॅटचं उरतं. टोक कसंबसं रांगा वितळवतं, पण सर्किटाच्या पट्टीची मोठी तांब्याची जागा तापवायला त्यात दम नसतो. माणूस मग टोक दाबून धरतो, सोल्डर वायरमधली राळ, जी रांगा पसरवते, ती जळून जाते, रांगा चिकटतो पण बसत नाही. मास्तरांचा हात चांगला होता, दोष विजेचा होता. परतताना बसमध्ये मी ठरवलं की पुढच्या किटाआधी आयर्नचा बंदोबस्त करायचा.

असं आमचं पहिलं सोल्डरिंग स्टेशन झालं. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, हँडलमध्ये सेन्सर, आणि सेन्सर सांगेल तशी वीज चालू-बंद करणारं साधं सर्किट. हीटर गरजेपेक्षा जास्त वॅटचा ठेवला, म्हणजे व्होल्टेज पडलं तरी हातात शिल्लक राहते. टोकाचं तापमान ठरवल्याच्या आसपास टिकतं. बाजारात डायल लावलेली स्वस्त आयर्नं मिळतात, डायलवर अंशही छापलेले असतात. त्यातल्या बऱ्याच डायल म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. टोक खरंच किती तापलंय ते त्यांना कळतच नाही. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, भले ते उठून दुसऱ्या दुकानात जावो.

याच काळात आम्ही मोठी ठेच खाल्ली. एका पुरवठादाराने ६०-४० म्हणून दिलेली सोल्डर वायर आम्ही विश्वासाने प्रत्येक किटात घातली. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असेल तर रांगा १९० अंशांच्या आत पूर्ण पातळ होतो. ही वायर आयर्नखाली लापशीसारखी व्हायची. आमचा अंदाज असा की प्रमाण उलटं असावं, कारण तसं असेल तर पूर्ण वितळायला २४० च्या जवळ जावं लागतं. पातळ आणि घट्ट यांच्यामध्ये रेंगाळणाऱ्या रांग्याला थोडा धक्का लागला की डाख तडकतो. गेलेली सगळी किटं आम्ही पत्रं लिहून परत मागवली, वायर बदलून पाठवली. त्या वर्षी दिवाळीला घरात नवीन कपडे आले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वायरचं प्रत्येक नवं रीळ स्वतः वितळवून बघायला सुरुवात केली आणि ती सवय दुकानात अजून आहे.

२००५ च्या मे महिन्यात पीएसएलव्हीतून हॅम मंडळींसाठीचा उपग्रह हॅमसॅट वर गेला आणि आमच्याकडे अचानक तरुण मुलं आली. पृथ्वीभोवती फिरणारा भारताचा उपग्रह हातातल्या अँटेनाने ऐकायचा, ही गोष्टच अशी की कॉलेजं थांबेनात. त्याचा आवाज १४५ मेगाहर्ट्झवर यायचा. त्यासाठी आम्ही शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून यागी, म्हणजे एका दिशेने ऐकणारी अँटेना, बनवायला शिकवलं. पण पोलादाला रांगा चिकटवणं म्हणजे परीक्षा! वरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढायचा, राळेने भागत नाही म्हणून रांगा धरवणारा जास्त जहाल पदार्थ, फ्लक्स, लावायचा, मोठं आयर्न घ्यायचं आणि काम झालं की फ्लक्स धुऊन टाकायचा, नाही तर पावसाळ्यात तोच जोड गंजतो. एका मुलाने धुतलं नाही. गणपतीपर्यंत त्याच्या यागीचा हात गळून पडला. तो तुकडाही फळीवर आहे. हॅमसॅट २०१४ मध्ये बंद पडला. त्या मुलांतले काही आज आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, एकाची मुलगी गेल्या वर्षी परीक्षा पास झाली.

पुढचं थोडक्यात. बाबा गेले. जीएसटी आला तेव्हा पुड्या बांधून विकायच्या जुन्या पद्धतीला बिलाची शिस्त लावावी लागली, ती एका चुलत भावाने लावून दिली. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद, पण घरी अडकलेल्या लोकांनी अर्धवट राहिलेले जुने सेट बाहेर काढले आणि फोनवर मी दिवसभर एकच वाक्य बोलत होते, ‘टोकाचा फोटो पाठवा आधी.’

आज हिशेबाची वही उघडलीत तर रेडिओ शेवटच्या पानांवर दिसेल. पोट चालतं ते स्टेशनांवर, टोकांवर, वायरवर आणि जुना रांगा शोषून घेणाऱ्या डिसोल्डरिंगच्या जाळीवर. जेल रोडचे मोबाइलवाले, एलईडी दिवे जोडणारे, ई-रिक्षाचे चार्जर दुरुस्त करणारे, आयटीआयची मुलं, हे आमचे मालक. सुईसारखं टोक मागणाऱ्याला मी आधी छिन्नीसारखं टोक देऊन बघते. जागा जास्त टेकते, उष्णता पटकन जाते, दोन-तीन सेकंदांत काम होतं. सुईने तेच करायला माणूस अंश वाढवत बसतो आणि पट्टी उखडते. शिशाबद्दल विचारतात त्यांना सांगते, आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, डोळ्यात जातो तो राळेचा धूर. तोही चांगला नाही, छोटा पंखा लावून तो बाजूला ओढा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, म्हणून हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. आमच्या बेसिनवर ही पाटी आहे, बाबांच्या अक्षरात.

गच्चीवर आमची डायपोल अँटेना अजून आहे, ४० मीटर लांबीच्या लहरीसाठी तिच्या निम्मी, वीस मीटर तार, मधोमध केबल. संक्रांतीला गल्लीतले पतंग तिच्यात अडकतात आणि पोरं मला शिव्या देतात. मागच्या संक्रांतीला एकाने विचारलं, ये तार किस काम की है, आंटी? त्याला वर बोलावून हेडफोन दिला. पतंग न घेताच गेला.

दर रविवारी सकाळी दहा वाजता दुकानात डाख शिकवतो, पैसे घेत नाही. पहिल्या रविवारी फक्त टोकाला कल्हई करायची असते, बाकी काही नाही. येताना स्वतःचं आयर्न आणा, टोक काळं पडलेलं असलं तर जास्त बरं.