४० लिटरची रीफ टाकी: मीठ, उन्हाळा आणि सलाईनचा सेट

टाकी लहान म्हणजे कटकट कमी, असं दुकानदार सांगतो. रीफ टाकीत, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हिशेब उलटा आहे. आतून ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी घ्या. पाणी काठाच्या दोन सेंटिमीटर खाली, आत साडेचार-पाच किलो दगड, तळाला दोन बोटं वाळू. हे सगळं वजा केलं की खरं पाणी उरतं ३३ लिटर. पुण्यात एप्रिलमध्ये वर पंखा लावला असेल तर त्यातलं दिवसाला एक-दीड लिटर सहज उडतं. मीठ काही उडत नाही. दीड लिटर गेलं की ३५ पीपीटीचं (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) पाणी ३६.७ होतं, आणि शनिवार-रविवार गावाला जाऊन आलात की ३८.५. मासा हे सोसतो, झोआ (छोट्या फुलांसारखे दिसणारे मऊ कोरल) मिटून बसतात, कोळंबी मात्र मरते. ३३ लिटर पाणी आज जसं आहे तसंच उद्या ठेवणं, एवढाच हा खेळ आहे.

आधी कायद्याचं, कारण त्यावर टाकीत काय असणार हे ठरतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण कोरलं, काळं कोरल, सी फॅन, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल आहेत. समुद्रघोडेही. त्यामुळे समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' (जिवाणू आणि जीव वसलेला दगड) कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडून नको म्हणा. त्या दगडाचा सांगाडा कोरलचाच असतो. मालवणला सागरी अभयारण्य आहे (१९८७ पासून), तिथून 'आठवण म्हणून' दगड आणणं तर बोलायलाच नको. परदेशी कठीण कोरलंही सायटिसच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्याने कागदपत्रांची भानगड आहेच. म्हणून या टाकीत झोआ, मश्रूम आणि लेदर, ही कठीण सांगाडा नसलेली मऊ कोरलं. नवख्याला तसंही हेच झेपतात.

मग दगड आणायचा कुठून? घरी करायचा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

एक भाग पांढरं सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा चुरा, दीड भाग जाडं खडेमीठ. चुरा पोल्ट्रीखाद्याच्या दुकानात 'शेल ग्रिट' म्हणून मिळतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. सिमेंट म्हणजे साधं पांढरं सिमेंट, वॉल पुट्टी नव्हे. पुट्टीत पॉलिमर असतात. आधी सिमेंट आणि चुरा कोरडेच कालवा, मग थोडं थोडं पाणी. मुठीत दाबलं की गोळा टिकायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. सगळ्यात शेवटी मीठ घालून दोनदाच हलवा, नाहीतर ते तिथेच विरघळतं. नंतर पाण्यात विरघळून ते जिथे जिथे भोकं सोडतं, तिथे जिवाणू राहतात. पाणी जास्त झालं तर दगड फरशीसारखा घट्ट होतो आणि दिसायला कितीही छान असला तरी उपयोग शून्य.

घमेल्यात ओली वाळू घ्या, तिच्यात हाताने खड्डे करा, मिश्रण चेपून भरू नका, नुसतं टाका. मध्ये ओल्या वाळूचे गोळे ठेवले तर गुहा तयार होतात. वर ओलं पोतं. दोन दिवसांनी हलक्या हाताने काढा, आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग बादलीत गोड्या पाण्यात बुडवा. हातमोजे घाला, पहिल्या दिवसांत त्या पाण्याचा पीएच ११-१२ असतो आणि कातडी सोलते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. सहा ते आठ आठवडे. दगड तयार झाला का, हे दिवस मोजून ठरवू नका. ताज्या पाण्यात दोन दिवस ठेवा आणि पीएच मोजा. ८.४ च्या वर जात असेल तर परत बादलीत. लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, दगड टाकीत घालतात आणि मग पीएच खाली का येत नाही म्हणून औषधं शोधतात.

तोवर काचेचं काम उरका. ६ मिलिमीटर काच, काचवाल्याकडून कडा घासून घ्या. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं साधं. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेलं येतं ते नको. पाच दिवस वाळवा, मग २४ तास गोडं पाणी भरून कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर परत सिलिकॉन.

पाणी. घरच्या आरओचं चालतं, पण बहुतेक यंत्रांत चव यावी म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीलाच टी जोडून पाणी घ्या आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार काढणारी) नळी लावा. टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. दहा-पंधरा दिसत असेल तर टाकी बंद पडणार नाही, पण तपकिरी शेवाळाचा मुक्काम वाढेल.

खडेमीठ चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात निघून जातं. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. रीफसाठीचं तयार सॉल्टच लागतं, लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. पाण्यात सॉल्ट टाका, सॉल्टवर पाणी ओतू नका. तसं केलं की कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं आणि परत विरघळत नाही. लहान पंप लावून रात्रभर फिरवा. चौपाटीचं पाणी आणायचा विचारही करू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काटेवाल्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला की आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरचं शून्य डिस्टिल्ड पाण्यावर जुळवून भागत नाही, कारण आपल्याला शून्याशी नव्हे, ३५ शी कर्तव्य आहे. त्यासाठी मात्र स्वयंपाकघरातलं मीठ कामाला येतं. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी दाखवायला हवं. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, महिन्यातून एकदा तपासा.

आता टाकी सुरू. पाणी, दगड, वर अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, तापमान २६ च्या आसपास. दिवा बंद. जिवाणूंना खायला अमोनिया हवा आणि त्यासाठी सडकी कोळंबी टाकायची गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचा, कल्हईवाल्याकडचा नको. २ ग्रॅम १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. यातलं १० मिलिलिटर ३३ लिटरमध्ये टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. सोबत बाटलीतले जिवाणू किंवा ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू. घरी केलेला दगड कोरा असतो, त्यामुळे चार ते सहा आठवडे धरा. पुन्हा १० मिलिलिटर टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सायकल झाली, म्हणजे ते पचवणारे जिवाणू टाकीत वसले. मग मोठा पाणीबदल, आणि मगच जीव.

बाष्पीभवनाचा बंदोबस्त. बाजारात सेन्सरचे ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारे) मिळतात आणि चांगले आहेत, पण सेन्सरवर गोगलगाय बसली की सगळी बादली टाकीत. औषधाच्या दुकानातला सलाईनचा सेट जास्त भरवशाचा आहे. टाकीच्या वर फळीवर गोड्या आरओ पाण्याची बाटली, खाली सेट, चाकाने थेंब जुळवायचे. मोठ्यांच्या नेहमीच्या सेटला २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला एक लिटर हवं तर मिनिटाला १४ थेंब. बाटलीतलं पाणी उतरतं तसा वेग मंदावतो, म्हणून उंच अरुंद बाटलीपेक्षा बसकी रुंद बरणी बरी. आणि बरणीत दीड लिटरपेक्षा जास्त भरू नका. चाक सैल झालं, सगळं एकदम उतरलं, तरी ३५ चं ३३.५ होईल, कुणी मरणार नाही. काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारा. रोज सकाळी एक नजर त्या रेघेवर टाकली की पुरे.

उष्णता मुंबईत वेगळी आणि पुण्यात वेगळी. पाणी २९-३० च्या वर दिवसचे दिवस राहिलं की कोरल रंग सोडायला लागतं. पुण्याच्या कोरड्या हवेत १२ व्होल्टचे संगणकातले दोन पंखे पाण्यावर तिरपे लावले की दोन-तीन अंश उतरतात. मुंबईत जूनच्या तोंडाशी हवाच ओली असते. तेव्हा पंखा गरगर फिरतो आणि तापमान जागचं हलत नाही. तिथे एसीची खोली किंवा कॉम्प्रेसरचा चिलर. पेल्टियरचा (कॉम्प्रेसर नसलेला) छोटा चिलर या कामाला अपुरा पडतो. बर्फाच्या बाटल्या टाकून खाली-वर करण्यापेक्षा स्थिर २८ केव्हाही चांगलं.

दिवा २५-३० वॅटचा, निळा जास्त आणि पांढरा कमी, सुरुवातीला सहा तास, पुढे आठ. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) ताशी ८००-१००० लिटरचा. ३००० वाला स्वस्त मिळतो म्हणून घेतलात तर वाळूचं वादळ होतं. सगळ्या वायरी सॉकेटच्या पातळीखाली झोळ देऊन मग प्लगमध्ये, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातच गळतं, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). खारं पाणी गोड्यापेक्षा फार चांगलं वीज नेतं.

जीव मोजके. एक ऑसेलॅरिस क्लाउन मासा, फार तर सोबत एक लहान गोबी. चार-पाच सिरिथ गोगलगायी, दोन-तीन लहान हर्मिट खेकडे. टँग आणि मँडरिन मासे, अ‍ॅनिमोनी या टाकीचे नव्हेत, विकणारा काहीही म्हणो. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. शेवाळ घालवायला झोआ चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळला की त्याची वाफ माणसाला थेट रुग्णालयात पोचवते.

दर आठवड्याला ५ लिटर पाणी बदला, म्हणजे १८० ते १९० ग्रॅम सॉल्ट. मऊ कोरलांना यातूनच सगळं मिळतं. क्षारता ८ ते ९ डीकेएचमध्ये (क्षारता मोजायचं एकक) ठेवा. ती ७ वर आली असेल तर खायचा सोडा एक ग्रॅम कपभर आरओ पाण्यात विरघळवून हळूहळू ओता. ३३ लिटरला तेवढ्याने बरोबर एक डीकेएच चढतो. एका दिवसात त्याहून जास्त नको. बेकिंग पावडर वेगळी, ती चालत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळू तपकिरी होईल, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ), आपसूक जातात. मग हिरवे केस येतील, ते हाताने उपटा. खरी डोकेदुखी म्हणजे बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबूड, डायनोफ्लॅजेलेट ऊर्फ डायनो. घाबरून फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर नेलं की हमखास हेच येतात, आणि त्यावर अजून पाणी बदललं की अजून वाढतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. पाणी अगदी चकचकीत आणि कोरल फिकट दिसत असेल तर पाणीबदल थांबवा आणि माशाला थोडं जास्त खायला घाला.

आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज गेल्यावर नव्हे, आधीच एकदा प्लग काढून तो किती तास चालतो ते पाहून ठेवा.