तुम्ही विचारलंत म्हणून: बैल बघा, क्रियापद ऐका

सिनेमा किंवा मालिका सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर 'हे आपल्याकडचं नाही' असं तुम्ही कशावरून सांगता, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक मराठवाड्यातलेच. खटकलेलं त्यांनाही असतं. पण पडद्यावरची माणसं 'लई', 'व्हय', 'न्हाई' म्हणत असतात, धोतर-टोपी असते, भाकरी-ठेचा असतो, मग चुकलंय कुठं ते सापडत नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी आवाज बंद करा आणि बैल बघा.

मराठी पडद्यावर औताला जुंपलेला बैल दहातल्या आठ वेळा खिलार असतो. पांढरा, सडपातळ, लांब टोकदार शिंगं मागं वळलेली. देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो माणदेशाचा, सोलापूर-सांगली-साताऱ्याचा. आपल्याकडच्या नावाजलेल्या जाती दोन. नांदेडकडची लाल कंधारी, अंगानं गडद तांबडी. आणि लातूरकडची देवणी. देवणीत पुन्हा तीन तऱ्हा : अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे तो शेवरा, सगळा पांढरा पण पोटाखाली काळसर तो बालंक्या. कथा कंधार तालुक्यात घडते म्हणतात आणि दावणीला खिलारांची जोडी, तर दिग्दर्शक कंधारला गेलेला नाही एवढं धरून चाला. बाजारात बैल कुठूनही कुठंही जातो हे खरं, परांडा-भूमकडं खिलार दिसतोही, म्हणून एका बैलावर निकाल देऊ नये. पण गावातले सगळेच्या सगळे बैल खिलार असतील तर शूटिंग कुठं झालं ते कळतं.

बैलाचाच दुसरा पुरावा सणाचा. मालिकेत आषाढात बैल सजले तर तो बेंदूर, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूर. आपला पोळा श्रावणातल्या अमावस्येला. आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येला घरादारासकट शेतात जाऊन, कडब्याची कोप करून भज्जी, आंबील, उंडे खाणारी माणसं कोणी दाखवली, तर खुशाल आवाज सुरू करा. ती येळवस, मुख्यतः लातूर-धाराशिवची.

बैलानंतर जमीन. दुष्काळ दाखवायचा म्हटलं की भेगाळलेली भुई आणि कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडं बघणारा म्हातारा, हे ठरलेलं. आता ती भेग नीट बघा. वरचा पापुद्रा वाळून कडेनं वळला असेल आणि बारीक बारीक चौकोन पडले असतील, तर तो आटलेल्या तळ्याचा गाळ, वावर नव्हे. आपल्या काळ्या जमिनीची भेग खोल असते, हात आत जाईल एवढी, आणि ती दर उन्हाळ्यात पडते. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला असला तरी पडते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. त्या भेगांत वरची माती पडून खालीवर होते, म्हणजे जमीन आपली आपण थोडी नांगरली जाते. शेतकऱ्याला त्यात वाईट काही वाटत नाही. सिनेमावाला मात्र तिच्यावर सनई लावतो.

खऱ्या दुष्काळाचं चित्र वेगळंच असतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्याचा सिनेमा कोणी केला तर त्यात आभाळ कमी आणि प्लास्टिक जास्त दिसायला हवं. दोनशे लिटरचे निळे ड्रम, त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं, टँकर आला की त्यात पडणारे पाइप, घरातल्या टाकीला घातलेलं कुलूप. दुष्काळात माणूस आभाळाकडं बघत बसत नाही, टँकरच्या वेळेकडं बघतो.

घराचं थोडक्यात. उतरती कौलं आणि मागं नारळ दिसला की विषय संपला. आपल्याकडचं जुनं घर माळवदाचं : जाड भिंती, सपाट छत, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला आणि धुराला छतात सवणं. नवं घर म्हणजे एक तर पत्रे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेले दगड, नाहीतर स्लॅब आणि पुढंमागं वरचा मजला चढवू म्हणून उभ्या सोडलेल्या सळया. या सळया मराठी सिनेमात फार कमी दिसतात. कॅमेरावाल्याला त्या फ्रेममध्ये कुरूप वाटत असणार, पण अख्ख्या गावाची पैशाची गोष्ट त्या सळयांत असते. अंगणात झाड असेल तर लिंबाचं, आणि लिंब म्हणजे कडुनिंब. सरबताचं लिंबू वेगळं.

आता आवाज सुरू करा. शब्द मात्र ऐकू नका. शब्द फसवतात. 'लई' आणि 'न्हाई' अर्ध्या महाराष्ट्रात आहेत. क्रियापदाचं शेपूट ऐका.

'तू काय करत आहेस?' एवढं एकच वाक्य घ्या. बीड-परभणीकडं ते 'काय करायलास?' होतं. लातूर-धाराशिवकडं 'काय करूलालास?' किंवा 'करलालास?'. जालना-संभाजीनगरच्या बाजूला 'काय करू राहिला?'. गावागणिक थोडा फरक पडतोच, पण ढोबळमानानं एवढ्यावर जिल्हा सांगता येतो. यातली पहिली दोन म्हणजे 'करायला लागलास', 'करू लागलास' याचंच बोलून बोलून घासलेलं रूप असावं असं मला वाटतं. पडद्यावर मात्र या तिन्हीपैकी काहीच येत नाही. येतं ते 'काय करतुयास?' हे मूळ साताऱ्याकडचं, पण वापरून वापरून ते आता नुसतं पडद्याचं उरलंय. खऱ्या कोल्हापुरातला माणूससुद्धा 'काय करालायस' म्हणतो.

उदाहरण म्हणून एक वाक्य. पडद्यावरचं : 'आरं पोरा, म्या लई येळ झाला तुझी वाट बघतुया.' बीडकडचं : 'किती येळचा वाट बघायलो तुव्ही.' लातूरकडचं : 'कवापासून वाट बघूलालाव तुझी.' क्रियापद सोडून मोजलं तर पहिल्या वाक्यात गावठी दिसणारे शब्द चार आहेत, पुढच्या दोन्हींत एखाद-दुसराच. तरी खरी वाटतात ती पुढची दोन. शिवाय आपल्याकडं 'तुव्ही', 'तुझी' हे कितीदा तरी क्रियापदाच्या मागून येतं. पुस्तकी वाक्याचा साचा तसाच ठेवून आत शब्द बदलले की ही जागा हुकते.

वऱ्हाडीशी होणारा घोळही इथंच सुटतो. 'मले', 'तुले' ऐकू आलं की तो माणूस विदर्भाचा. आपण 'मला', 'तुला' म्हणतो. 'माझं-तुझं'चं मात्र आपल्याकडं 'मव्हं-तुव्हं' किंवा 'महं-तुहं' होतं. दूरचित्रवाणीवर भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात आणि फार सुरेख बोलतात, पण ते ऐकून 'हे तुमच्याकडचं ना?' असं पुण्यात विचारलं जातं तेव्हा काय उत्तर द्यावं कळत नाही.

शब्दांनी जिल्हा कळत नसला तरी सरकार-दरबाराचे शब्द याला अपवाद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाकडं होता आणि त्याची खूण बोलण्यात अजून आहे. रस्त्याचं काम घेणारा पडद्यावर 'कंत्राटदार' असतो, आपल्याकडं तो गुत्तेदार. गावातल्या राजकारणावर दोन तासांचा सिनेमा काढायचा आणि त्यात एकदाही 'गुत्तेदार' म्हणायचं नाही, हे मला तरी जमलं नसतं. मालीपाटील हा शब्दही तसाच. वाड्यातला म्हातारा नुसता 'पाटील' असतो. महसुलाचं बघणारा मालीपाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा, हे पटकथेला ठाऊकच नसतं.

हे असं का झालं, त्याला कारण आहे. मराठी बोलपटाचं खेडं उभं राहिलं ते बरंचसं कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून, म्हणजे १९२०च्याही आधीपासून, तिथं चित्रपटाचा धंदा होता. पुढं भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ झाला. नट तिथले, तंत्रज्ञ तिथले, तमाशापटांचा बाज तिथला. त्या सगळ्या काळात औरंगाबाद, परभणी, नांदेड दुसऱ्याच राज्यात होते. आपण महाराष्ट्रात आलो तेव्हा 'ग्रामीण' या शब्दाचा आवाज ठरून गेलेला होता.

तो आवाज रंगभूमीवर मोडला डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात पन्नासहून जास्त माणसं ते एकटे उभी करायचे. नावातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, विदर्भातलं नव्हे, हे अजूनही सांगावं लागतं. ध्वनिमुद्रण मिळालं तर माणसं हसतात तिकडं लक्ष देऊ नका. एकाच घरातल्या दोघांचं बोलणं ते वेगळं कसं ठेवतात ते ऐका. सिनेमात हे काम मकरंद अनासपुरे यांनी केलं. २००५चा 'कायद्याचं बोला' आला आणि मराठवाडी हेल राज्यभर ओळखीचा झाला. त्यांचं वाक्य शेवटाला जरा ताणलं जातं आणि एकदम खाली पडतं. ते पाठ करून येत नाही.

पण एक तक्रार आहेच, आणि ती त्यांच्यावर नाही, त्यांच्यानंतरच्या लेखकांवर आहे. मराठवाडी बोललं की हशा, असं त्यांनी समीकरण करून टाकलं. नायक-नायिका प्रेमात पडले की प्रमाण मराठी, बाप मेला की प्रमाण मराठी, आणि चहावाला तेवढा आपला. एखाद्या माणसानं 'करायलो', 'जायलो' म्हणत कर्जाचा हिशेब मांडावा आणि थिएटरात कोणी हसू नये, एवढं झालं तरी मी तिकिटाचे पैसे वसूल समजेन.

'सैराट' (२०१६) आणि 'फँड्री' (२०१३) मराठवाड्याचे का, असंही विचारतात. नाहीत. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आणि करमाळा सोलापूर जिल्ह्यात. पण शेजारचा तालुका परांडा, म्हणून धाराशिवकडच्या माणसाला ते सिनेमे घरचे वाटतात. ते खरे वाटतात याचं कारण सरळ आहे : मुख्य भूमिकांत त्याच मुलखातली नवी पोरं घेतली, आणि त्यांना बोली शिकवावी लागली नाही.

बाकी ठिकाणी बिघडतं ते बहुधा असं. संवाद आधी प्रमाण मराठीत लिहितात, मग कोणीतरी बसून 'ण'चा 'न' करतो, 'वेळ'चा 'येळ' करतो. त्यानं शब्द बदलतात, शेपूट तसंच राहतं. पुढं डबिंग असेल तर नटाचं सगळं ध्यान ओठ जुळवण्यात. शूटिंगच्या वेळी चुकून बरोबर लागलेला हेलसुद्धा स्टुडिओत सपाट होतो. दैनंदिन मालिकेत तर संवाद हातात पडेपर्यंत सेटवर दिवे लागलेले असतात.

कोणाला खरंच करायचं असेल तर खर्च फार नाही. कथेचं गाव ठरवा, नुसता जिल्हा नको. दहा-बारा प्रसंग प्रमाण मराठीत सांगा आणि त्या गावातल्या तिघांना आपापल्या भाषेत सांगायला लावा : सत्तरीची म्हातारी, चाळिशीचा शेतकरी, दहावीतलं पोरगं. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नटाला कागद न देता ते ऐकवा. वाचून बोली येत नाही. तिघं कशासाठी, तर एका घरात तिघं तीन तऱ्हांनी बोलतात. आजी 'मव्हं' म्हणते. बाप घरात 'जायलो' म्हणतो आणि बँकेत गेला की 'जातोय'. पोरग्याच्या बोलण्यात अर्धी हिंदी असते. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लेक रूमवर प्रमाण बोलते, आणि घरून फोन आला की दुसऱ्याच वाक्याला 'काय करायलीस गं माय' वर येते. एवढा एक फोन पडद्यावर नीट घ्या. मराठवाडा दाखवायला ड्रोन उडवायची गरज पडायची नाही.

ही पारख सगळीकडं चालते असं मात्र नाही. उदगीर-उमरग्याच्या बोलण्यात कानडी मिसळते, देगलूर-धर्माबादला तेलुगू, तिथं कान जपून टाकावा लागतो. आणि किनवट-माहूरकडचा माणूस पडद्यावर बोलला तर तो मला यवतमाळचाच वाटतो. तिथं मी गुपचूप बैल बघतो.